यादीतलं तळघर

सुट्टीतल्या शाळेला स्वतःचा एक वास असतो. बंद वर्गांतला खडू, तापलेली लोखंडी कपाटं, जिन्याखाली गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या, व्हरांड्याच्या वळचणीला घुमणारी कबुतरं, या सगळ्यांचा मिळून एक. मुलं असताना तो येत नाही. मुलांच्या घामाखाली आणि डब्यातल्या लोणच्याखाली तो दबून असतो. मे उजाडला, शेवटची उत्तरपत्रिका तपासून झाली, की हळूच बाहेर पडतो. विश्रांतवाडीच्या एकाच शाळेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं, तरी मे महिन्यात भाजी आणायला निघाले की पाय फाटकाशी रेंगाळतात. आत सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा असतो. टाकीवर एखादा कावळा चोच उघडी टाकून बसलेला असतो. आणि तो वास येतो. पूर्वी त्यानं मला बरं वाटायचं. आता त्याच्या पाठोपाठ दोन वर्षांपूर्वीचा तो मे येतो. शेजारच्या देशाच्या एका बड्या मंत्र्यानं भर सभेत आमच्या गावाचं नाव घेतलं, तो मे.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी कार्यालयात बसून शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर सह्या करत होते. पंखा फिरत होता, पण वारा मात्र गरमच. आमच्या लेखनिकांनी त्यांचा मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. पडद्यावर एक गृहस्थ, गळ्यात हार, समोर गर्दी. ते हसत होते. वेळ आली तर एका दुपारात तुमची पाच शहरं जाळून टाकू, तेवढे अणुबॉम्ब आमच्याकडे तयार आहेत, असं ते म्हणाले आणि बोटांवर शहरं मोजू लागले. चौथ्या बोटाला म्हणाले, ‘पूना.’ गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

मी आधी उच्चारावर अडखळले. बाईंची सवय, दुसरं काय. पूना नाही, पुणे. मग अर्थ पोचला. समोरच्या दाखल्यावर, जन्मस्थळाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात ‘पुणे’ लिहिलेलं होतं. त्या मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी. मी ते सगळं पुन्हा एकदा वाचलं. मग सही केली आणि पुढचा दाखला ओढला.

आमच्याकडचं उत्तर संध्याकाळी सातला आलं. दिवसभर मी त्याचीच वाट पाहत होते.  दूरचित्रवाणीवर एक नीटनेटके अधिकारी आले आणि कागदावरून वाचू लागले. अशी वक्तव्यं बेजबाबदार आहेत. आम्ही त्यांची दखल घेतली आहे. संबंधितांकडे नापसंती कळवण्यात येत आहे. नागरिकांनी घाबरू नये. एवढं वाचून त्यांनी कागदाची घडी केली. मला वाटलं, आता खरं बोलतील. पण लगेच क्रिकेटचा निकाल सुरू झाला.

नापसंती! वर्गात मोबाइल वाजला तर मी मुलांच्या पालकांना चिठ्ठी पाठवायचे, तीत हाच शब्द असायचा.

मला युद्ध हवं होतं असं नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण नंतर काहींनी तसं म्हटलं. मी विज्ञानाची शिक्षिका. दहावीच्या मुलांना अणुविभाजन आणि किरणोत्सर्ग मी इतकी वर्षं शिकवला की पुस्तकातली आकृती डोळे मिटून काढता येते. तो काय असतो हे मला माहीत होतं, म्हणूनच तर ते हसणं मला सोसलं नाही. माझी अपेक्षा साधी होती. तिकडच्या माणसाला कोणीतरी ठाम आवाजात सांगावं की हे तू पुन्हा बोलायचं नाहीस, आणि बोललास तर हे हे होईल. आणि इकडच्या आम्हाला कोणीतरी खरं सांगावं, की बाबांनो, असं झालं तर अमुक करा, तमुक ठिकाणी जा. दोन्हींतलं काहीच झालं नाही. एवढी मोठी धमकी आली आणि ती आम्ही दखल घेऊन बाजूला ठेवून दिली.

त्या रात्री मला बाबांची आठवण आली. बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी मी सहा वर्षांची होते. कसबा पेठेत आमच्या दोन खोल्या, खाली तांबटाचं दुकान, दिवसभर ठोकाठोक. बाबा पोस्टात कारकून होते. त्यांनी कणकेची खळ शिजवली आणि खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवले. खळीचा तो कोमट, आंबूस वास आणि कागदातून येणारा तांबूस उजेड मला अजून आठवतो. एका दुपारी दंडावर नागरी संरक्षणाची पट्टी बांधलेले एक चष्मेवाले गृहस्थ जिना चढून आले. त्यांनी काचा पाहिल्या, घरात माणसं किती ते वहीत लिहून घेतलं, भोंगा झाला की जिन्याखाली कसं बसायचं ते मला आणि भावाला प्रत्यक्ष बसवून दाखवलं. जाताना बाबांना म्हणाले, ‘अहो, कोपऱ्यातला कागद सुटतोय. आजच लावा.’ पुण्यावर तेव्हा काही पडलं नाही. पण मला त्या युद्धाची भीती कधी वाटली नाही, याचं कारण ते चष्मेवाले असावेत. सरकार म्हणजे काय, तर आपल्या जिन्यानं वर येतं आणि सुटलेला कोपरा दाखवतं ते, अशी माझी समजूत होऊन बसली. ती त्या मे महिन्यापर्यंत टिकली.

चार दिवसांनी मोबाइलवर एक यादी फिरू लागली. आपत्काळातली निवाऱ्याची ठिकाणं. आमच्या भागातलं तिसरं नाव आमच्या शाळेचं होतं. शाळेचं नाव, संपर्कासाठी माझं नाव, माझा नंबर. पुढे लिहिलं होतं : तळघर – आहे. क्षमता – पाचशे.

मी ते कार्यालयात उभ्याउभ्या वाचलं आणि पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. आमच्या शाळेला तळघर नाही. पूर्वी होतं. जुन्या दगडी इमारतीच्या जोत्याखाली एक लांबट खोली होती, तिथे मोडकी बाकं ठेवत. ती इमारत पाडून नवी बांधली त्याला बारा-तेरा वर्षं झाली. पाया भरताना ती खोली मुरमानं बुजवलेली मी स्वतः पाहिली होती. पाचशे माणसांना जिथे जायला सांगितलं होतं, तिथे आता मुरूम होता आणि वर सातवी ‘ब’चा वर्ग.

दुसऱ्या दिवशी मी ती यादी घेऊन, हे काम ज्यांच्याकडे आहे असं मला सांगण्यात आलं, त्या कार्यालयात गेले. साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान, अतिशय सभ्य. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

‘मॅडम, तसं काही होणार नाहीये,’ ते म्हणाले.

‘मग यादी कशाला केलीत?’

‘वरून मागवली होती. दोन तासांत हवी होती. मागची होती ती पाठवली.’

‘त्या शाळेत तळघर नाहीये. मी तिथली मुख्याध्यापिका आहे, मी सांगते.’

‘मागच्या यादीत होतं.’

‘तेव्हा असेल. आता नाही. दुरुस्त करा एवढंच म्हणणं आहे.’

‘यादी मंजूर होऊन गेलीय मॅडम. दुरुस्ती करायची तर पुन्हा वर पाठवावी लागेल. आणि मग वरचे विचारणार, आधी चुकीची का पाठवली.’ मग माझा चेहरा पाहून त्यांना माझी दया आली असावी. पुढे वाकून, अगदी समजुतीच्या स्वरात ते म्हणाले, ‘अहो, खरं सांगू का? अणुबॉम्बच पडला तर तळघर असलं काय नि नसलं काय? सगळे एकदमच जाणार. कशाला त्रास करून घेता?’

आणि ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते. घरचं माणूस हसावं तसं होतं.  पण त्या तिकडच्या हसऱ्या माणसाला जे म्हणायचं होतं तेच हे, इतक्या प्रेमानं, पाण्याचा पेला पुढे करून मला सांगत होते. की तुमचं काही खरं नाही. बाहेर आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. फाटकाशी उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू वाजत होते. लोक रांगेत उभे राहून रस पीत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

आमच्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, सुभेदार शिंदे राहतात. साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त. अणुहल्ल्यापासून बचाव कसा करायचा याचं शिक्षण त्यांनी तिथे घेतलेलं आणि पुढे कित्येक वर्षं जवानांना दिलेलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी बागेला पाणी घालणारे एक गृहस्थ, एवढीच आमची ओळख. त्या दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘बाई, बरं नाही का?’ मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

सुभेदारांनी हातातली झारी खाली ठेवली. ‘हे खोटं आहे बाई,’ ते म्हणाले. ‘सोयीचं खोटं. सगळेच मरणार म्हटलं की कोणालाच काही करावं लागत नाही. अहो, मध्यावर सापडले ते गेले, ते खरंच. पण त्यांच्या कितीतरी पट माणसं लांब असतात. त्यांना मारते ती वरून पडणारी धूळ. आणि धुळीपासून वाचता येतं. जाड भिंतीच्या आत, मधल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून एक दिवस काढला, दोन काढले, तरी फार फरक पडतो. बाहेरून आलेल्यानं वरचे कपडे बाहेरच टाकायचे, अंग धुवायचं. झाकलेलं पाणीच प्यायचं. बस. एवढं सांगायला काय तोफ लागते?’

मी म्हटलं, ‘मग आपलं सरकार त्यांना ठणकावत का नाही?’

‘ठणकावून काय होतं? ओरडण्याला कोणी भीत नाही.’ झारी उचलत ते म्हणाले, ‘समोरच्यानं पाहिलं ना, की ह्या गावातलं शेंबडं पोरही भोंगा झाला की कुठं बसायचं हे जाणतं, की त्याच्या धमकीतला अर्धा दारूगोळा तिथंच भिजतो. तयारी हेच उत्तर असतं बाई. आपण तेच दिलेलं नाही.’

मी एकतीस वर्षं किरणोत्सर्ग शिकवला. आल्फा, बीटा, गॅमा. कोण कागदानं अडतो, कोण शिशानं. चार गुणांचा प्रश्न असायचा. त्या जिन्यात उभं असताना मला पहिल्यांदा लक्षात आलं, की तो कोणावर पडला तर त्यानं काय करायचं, हे मी एकाही मुलाला कधी सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं परीक्षेत.

पुढच्या आठवड्यात सराव ठरला. दुपारी चारला भोंगा वाजेल, लोकांनी आपापल्या जागी सुरक्षित थांबावं, पंधरा मिनिटांनी दुसरा भोंगा. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट आली होती. मी शाळेतच होते. चारला भोंगा झाला. मांजर कण्हावं तसा बारीक, मध्येच तुटणारा. रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात तो बुडून गेला. चहाच्या टपरीवरच्या कोणी मान वर केली नाही. मी खिडकीतून पाहत होते, आणि तेव्हाच फाटकातून एक बाई धावत आत आली.

पायात चप्पल नव्हती. मेमधल्या चारच्या डांबरावरून ती अनवाणी आली होती. काखेत सात-आठ महिन्यांचं बाळ, त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल. खांद्याला एक पिशवी, तिच्यातून दुधाची बाटली बाहेर डोकावत होती. व्हरांड्यात येऊन ती ओरडली, ‘तळघर कुठी आहे हो? म्याडम, तळघर कुठी आहे?’

तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हा सराव आहे. नवरा कारखान्यात पाळीवर. शेजारणीच्या मोबाइलवर तिनं आमच्या शाळेचं नाव वाचलं होतं आणि चार दिवस मनात पाठ करून ठेवलं होतं. भोंगा ऐकल्याबरोबर ती निघाली. तीन गल्ल्या, एक मोठा रस्ता, वाहत्या गाड्यांमधून.

‘अहो, सराव आहे हा. काही झालेलं नाही,’ मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नाही. ती व्हरांड्यातली दारं एकामागून एक ढकलत होती. प्रयोगशाळा, भांडार, शिक्षकांची खोली. ‘इकडून आहे का? खाले जायाले इकडून आहे का?’ शेवटी जिन्याखालच्या कोनाड्याशी, सतरंज्यांपाशी ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी विसरू शकलेले नाही. त्यात राग नव्हता. पत्ता बरोबर असूनही घर सापडत नाही, तेव्हा माणूस पाहतं तसं ते होतं.

मी तिला सतरंजीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले. तिच्या पायांना फोड आले होते. आमच्या शिपाईबाईंनी माठातलं पाणी आणून तिच्या पायांवर ओतलं. बाळ आधी घाबरून गप्प होतं, ते आता रडायला लागलं. तिचं नाव कल्पना वानखडे. यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आली त्याला दोन वर्षं झालेली, आणि आमच्या भागात आळंदी रस्ता ओलांडायची अजून तिला भीती वाटायची, असं तिनंच मग सांगितलं. सराव म्हणजे काय ते तिला हळूहळू उमगलं. सुटकेचा एक मोठा श्वास टाकून ती हसली. आणि मग तिनं विचारलं, ‘म्हंजे खरं असतं तं तळघर उघडलं असतं न तुमी? आज कुलूप हाये म्हून नाई दाखवलं?’

मुख्याध्यापिकेनं काय म्हणायचं? कार्यालयातल्या साहेबांसारखं प्रेमळ हसता आलं असतं. मी म्हटलं, ‘कल्पना, तळघर नाहीये. कधीचंच नाही. यादीत चुकीचं लिहिलंय.’

 ती बाळाच्या टाळूवर हात फिरवत राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘मंग लेहलं कायले?’

दुसरा भोंगा त्यानंतर वाजला. तो आम्हा दोघींनाही नीट ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकावर पाटी लावली. फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात, पांढऱ्या रंगानं : ‘या शाळेत तळघर नाही. सरकारी यादीतली नोंद चुकीची आहे. संकटकाळी येथे धावत येऊ नये. जिथे असाल तिथेच पक्क्या भिंतींच्या आतल्या खोलीत थांबावे. शंका असल्यास आत येऊन विचारावे.’ खाली माझं नाव.

पुण्यात पाटी लावली की तिचं काय होतं ते मला कळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो गावभर फिरला. ‘पुणेरी पाटी’ म्हणून! लोकांनी त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. ‘अणुबॉम्बलाही पुण्यात एक ते चार विश्रांती,’ असं कोणीतरी लिहिलं. ते मलाच सतरा जणांनी पाठवलं, त्यांत माझे माजी विद्यार्थीही होते. मी ते वाचत होते आणि मला कल्पनाचे पाय दिसत होते. मी पुणेकर आहे, मलाही तिरकं बोलता येतं. पण आयुष्यात एकदाच मी पाटीवर सरळ लिहिलं होतं, आणि ते कोणाला सरळ वाचता येईना.

कार्यालयानं मात्र ती गंभीरपणे वाचली. आठ दिवसांत पत्र आलं : नागरिकांत घबराट पसरेल असा मजकूर विनापरवानगी प्रदर्शित केल्याबद्दल खुलासा करावा. धमकी आल्यावर जे शब्द सापडले नव्हते, ते माझ्यासाठी भराभर सापडले होते. ‘गंभीर’ दोनदा, ‘तात्काळ’ तीनदा. शाळेचे सचिव घरी आले. भले गृहस्थ. ‘बाई, सहा महिने राहिलेत तुमचे. पाटी काढा, दोन ओळींत दिलगिरी लिहून द्या. विषय संपला.’

मी त्यांना म्हटलं, ‘आपण उद्या शाळेत या. मला तळघर दाखवा. मग मी दिलगिरी लिहिते.’

ते चहा न घेता गेले. तीन दिवस मला झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी डाग लागेल हा विचार जात नव्हता. चौथ्या दिवशी मी खुलासा लिहिला. मजकूर खरा आहे. यादी खोटी आहे. घबराट पाटीमुळे पसरली की भोंग्यामुळे, हे अनवाणी धावत आलेल्या नागरिकांना विचारावे. सोबत बुजवलेल्या पायाचा, नवी इमारत बांधताना काढलेला फोटो जोडला.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. पण महिन्याभरानं सुधारित यादी निघाली. तीत आमच्या शाळेचं नाव नव्हतं. मी उत्सुकतेनं पाहिलं, आमच्याऐवजी कोणती जागा निवडली. आधीची दोन नावं आणि त्यानंतर थेट दुसऱ्या भागाची यादी. तिसऱ्या नावाची ओळच काढून टाकली होती. माझ्या सगळ्या भांडणाचं फळ हे. पाचशे माणसांना असलेला खोटा निवारा मी रद्द करून दिला, आणि खरा कोणी दिला नाही.

तोवर तिकडचं बोलणंही थंडावलं होतं. आंब्याच्या पेट्या उतरल्या, दहावीचा निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली. ज्यानं बोटांवर गावं मोजली, त्याला आमच्याकडून शेवटपर्यंत कोणी काही ऐकवलं नाही. लोक विसरले. माझी मुख्य तक्रार तीसुद्धा नाही. विसरायला आधी घाबरावं लागतं. कल्पनाखेरीज आमच्यापैकी कोण घाबरलं होतं?

सुभेदार म्हणाले, ‘बाई, यादी सोडा. आपण आपला वर्ग घेऊ.’ शाळेच्या सभागृहात परवानगी मिळेना, म्हणून आम्ही सोसायटीच्या वाहनतळात रविवारी सकाळी बसलो. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली, त्यांतली चार माझी भीड पडून. घरातली सगळ्यात आतली खोली कोणती, तिच्या फटी कशानं बुजवायच्या, पाणी किती झाकून ठेवायचं, चालता न येणाऱ्याला कोण उचलणार. सुभेदार सांगायचे, मी फळ्यावर लिहायचे. कल्पना दर रविवारी आली. पुढे बसायची. एकदा तिनं विचारलं, ‘बाळाचं दूध उघडं असलं तं?’ सुभेदार म्हणाले, ‘टाकून द्यायचं.’ तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याला दुसरीकडे काम लागलं आणि ते वाघोलीला गेले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्या वर्गाला चाळीस माणसं झाली होती, मग पुन्हा बारा झाली.

यंदाच्या मे महिन्यात तो माणूस पुन्हा बोलला. तोच, तसाच हसत. आमच्याकडूनही कोणीतरी येऊन काहीतरी वाचून दाखवलं. मी ते उभ्यानंच ऐकलं आणि दूरचित्रवाणी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पनाचा फोन आला. ‘म्याडम, आमच्या वाड्यातल्या बायाइले मी शिकवून रायली. चुकन म्हून भेव वाटते. तुमी येता का?’

दुपारी बस धरून मी वाघोलीला गेले. नव्या इमारतींच्या मागे एक जुनी बैठी चाळ होती, मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब. त्याच्या सावलीत सात-आठ बायका बसल्या होत्या. कोणी लातूरची, कोणी बुलढाण्याची, आणि चाळीची मालकीण, सत्तरीच्या पुढची गावातली आजी, भिंतीला टेकून. कल्पना उभी राहून सांगत होती. आवाज खणखणीत. तिचा मुलगा आता पावणेतीन वर्षांचा झाला होता. तो बायकांच्या मधून फिरत होता. ‘खिडकीले ओल्या चिंध्या. पाणी झाकून. अन् पळाचं नाई. कोनी कितीबी सांगो, रस्त्यावर पळाचं नाई.’ मी मागे बसून ऐकलं. एकही चूक नव्हती. उलट एक गोष्ट तिनं जास्त सांगितली, जी आम्ही कधी सांगितली नव्हती : पोरांना आधीपासून सांगून ठेवा, नाहीतर ती आईचा चेहरा पाहूनच अर्धी मरतात.

सगळं झाल्यावर आजींनी तिला नव्हे, मला विचारलं. मी शहरातून आलेली, शिकलेली, म्हणून असेल.

‘बाई, त्यो मानूस आपल्या पुन्याचं नाव घिऊन बोलला म्हनं?’

‘हो, आजी.’

‘मंग आपल्या लोकांनी काय म्हटलं त्याला?’

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. एकतीस वर्षांत प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं माझं कधी झालं नाही. आदल्या दिवशी ऐकलेली वाक्यं मी मनात जुळवून पाहिली. ती त्या अंगणात, त्या बायकांसमोर मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटली.

‘काही नाही, आजी,’ मी म्हटलं. ‘काही म्हटलं नाही.’

 मग आजी गुडघ्यावर हात टेकून उठत, आपल्याच लोकांची बाजू सांभाळून घ्यावी तशा म्हणाल्या, ‘मंग त्यास्नी ऐकू गेलं नसंल.’